क्रूझवरची ड्यूटी फ्री बाटली विमानातून मुंबईला: किती आणायची, कशी आणायची?

मुलुंडकाका

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण यावेळी प्रश्नच असा पडला आहे की विचारायला दुसरी जागा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर उद्या जिन्यात चर्चा.

मी, सौ., मेव्हणा आणि त्याची बायको असे चौघे सिंगापूरहून क्रूझला चाललो आहोत. ४ रात्री, सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर. सकाळी मरीना बे क्रूझ सेंटरला उतरायचं, दिवसभर भटकायचं आणि संध्याकाळी चांगीहून मुंबईचं विमान. मुंबईत उतरू त्या दिवशी गटारी आहे, त्यामुळे मेव्हण्याचं सगळं नियोजन त्या एका रात्रीभोवती फिरतंय. त्याचं गणित असं: बोटीवरचं दुकान ड्यूटी फ्री, माणशी २ लिटर, माणसं चार, म्हणजे एक-एक लिटरच्या आठ बाटल्या. सौ. आणि मेव्हणी दोघी थेंबालाही शिवत नाहीत, तेव्हा त्यांचा कोटा "वाया घालवायचा नाही".

हे गणित बरोबर आहे का? बाटल्या हातातल्या पिशवीतून नेता येतात की सामानात टाकायच्या? बोटीवर घेण्यापेक्षा विमानतळावर घेणं बरं का? कोणी केलं असेल तर अनुभव सांगा. मला कस्टमवाल्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं नाहीये, बस.

बोंबील_फ्राय

भारतात माणशी २ लिटर. आठ बाटल्या बरोबर. विषय संपला, पार्टी कुठे आहे ते सांगा.

दर्यावर्दी

विषय संपला नाही हो, आत्ता तर सुरू झाला. मी नऊ वर्षं क्रूझच्या बोटींवर बारमध्ये काढली आहेत, आधी ग्लास पुसले, मग स्टोअर सांभाळलं. प्रवाशांचा हा घोळ दर फेरीला बघायचो.

ड्यूटी फ्री म्हणजे दुकानदाराने बाटली विकताना त्या देशाचा कर घेतला नाही, एवढंच. तुम्ही ती बाटली घेऊन ज्या ज्या देशात पाय ठेवाल, तिथला कर तिच्या मानेवर लटकलेलाच असतो. मुलुंडकाका, तुमच्या बाटलीला तीन ठिकाणी मान खाली घालून जायचंय. पहिलं सिंगापूरचं कस्टम, कारण बोटीतून उतरलात की तुम्ही सिंगापुरात आलात. दुसरी विमान कंपनी. तिसरं मुंबईचं कस्टम. तिघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या. एक लिटर मोजतो, एक दारूचा प्रकार बघतो, एक टक्के बघतो. आणि एकाने सोडलं म्हणून दुसरा सोडत नाही.

विमानाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. २४ टक्क्यांच्या खाली अल्कोहोल असेल (वाईन, बिअर) तर विमानाच्या नियमात मर्यादा नाही. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी ५ लिटर, मूळ सीलबंद बाटलीत. ७० च्या वर असेल तर नाहीच, सामानातही नाही. कॅरिबियनच्या फेरीत एकाने ८० टक्क्यांची श्ट्रोह रम घेतली होती. बोटीवर कोणी अडवलं नाही, विमानतळावर ती गेली. माणूस बिचारा रडकुंडीला आलेला.

आणखी एक. बोटीवर घेतलेली बाटली त्याच दिवशी हातात मिळेल असं समजू नका. दुकान पावती देतं, बाटली शेवटच्या रात्री केबिनवर येते किंवा ठरलेल्या जागेहून उचलायची असते. फुकेतला उतरून बाहेरून घेतलीत तर शिडीवरच काढून घेतात, चिठ्ठी देतात आणि तीही शेवटीच परत. कारण उघड आहे. तुम्ही केबिनमध्ये स्वस्तात बसलात तर बारमध्ये कोण येणार?

पन्हं

शेवटचं वाक्य फारच आतल्या गोटातलं 😄

सांजवात_ठाणे

दर्यावर्दींनी सिंगापूर म्हटलं म्हणून लिहिते. मी तिथे सात वर्षं राहिले आहे आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा याच दगडाला ठेचकाळायचा.

काका, तुमच्या मेव्हण्यांचं गणित मुंबईला बरोबर आहे, सिंगापूरला साफ चूक. सिंगापूरची सवलतही ऐकायला २ लिटरच, पण त्यात कडक दारू, म्हणजे व्हिस्की, रम, व्होडका, जास्तीत जास्त १ लिटर. उरलेला लिटर वाईन किंवा बिअर. दोन लिटर वाईन चालेल, दोन लिटर बिअर चालेल, दोन लिटर व्हिस्की चालणार नाही. दुसऱ्या लिटरवर कर.

तो कर किती? शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर. ४० टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत अल्कोहोल ०.४ लिटर, म्हणजे ३५ डॉलर २० सेंट, वर ९ टक्के जीएसटी. बोटीवर जे वाचवलं ते तिथेच ओतून आलात समजा.

आणि ही सवलतही सगळ्यांना नाही. वय १८ पूर्ण हवं, सिंगापूरच्या बाहेर सलग ४८ तास काढलेले हवेत, आणि तुम्ही मलेशियाहून येत नसायला हवं. हे तिसरं कलम क्रूझवाल्यांना मारतं. सिंगापूर–पोर्ट क्लांग–सिंगापूर अशा वीकेंडच्या फेऱ्या असतात, त्यात ४८ तासही पुरे होत नाहीत आणि आलेलेही मलेशियाहून. सवलत शून्य. काका, तुमचं मलेशियातलं पेनांग आधी आणि थायलंडमधलं फुकेत नंतर आहे म्हणून तुम्ही वाचलात. उलटं असतं तर एकही बाटली माफ नव्हती.

मुलुंडकाका

अरे देवा. म्हणजे चौघांच्या मिळून चारच बाटल्या? मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी फोन करतो, आधी जेवू दे त्याला.

स्लो_लोकल

एक बारीक हिशोब. बाटली घेताना मिली बघा. ड्यूटी फ्रीच्या दुकानात बऱ्याचदा लिटरची असते, तेव्हा दोन घेतल्या की बरोब्बर २. आपला खंबा ७५०चा, दोन घेतले तर दीड लिटर, तिसरा घेतला तर सव्वादोन. आणि ७०० मिलीच्या तीन घेतल्या की २.१. त्या वरच्या १०० मिलीसाठी माझ्या चुलतभावाने सहार विमानतळावर कस्टम अधिकाऱ्याशी वाद घातला होता. अधिकारी शांतपणे म्हणाला, "साहेब, बाटली अर्धी माफ करता येत नाही."

बेलीजसारखी क्रीम लिकर १७ टक्क्यांची असते, विमानवाले ती मोजणार नाहीत. पण कस्टमच्या लेखी ती दारूच, दोन लिटरमध्ये धरली जाते. "ही तर बायकांची" हे तिथे चालत नाही.

सांजवात_ठाणे

@स्लो_लोकल, "बायकांची" म्हणजे? 🙂

स्लो_लोकल

चुलतभावाचं वाक्य आहे हो ते. हलके घ्या.

खारीबिस्कीट

हातातल्या पिशवीबद्दल माझा चटका ऐका. युरोपात क्रूझ केली, शेवटच्या दिवशी बोटीच्या दुकानाने छान पारदर्शक पिशवीत दोन बाटल्या दिल्या, वर पावती चिकटवलेली. मला वाटलं विमानतळावर मिळते तीच ही पिशवी. सामान काउंटरला देऊन टाकलं आणि ही पिशवी मिरवत सिक्युरिटीला गेले. तिथली बाई म्हणाली, ही विमानतळाची सीलबंद पिशवी नाही, १०० मिलीच्या वरचं द्रव पदार्थ आत जाणार नाही. सामान तर बेल्टवरून गेलेलं. दोन्ही बाटल्या मोठ्या निळ्या डब्यात. माझ्या मागे उभा असलेला म्हातारा गोरा माझ्यापेक्षा जास्त हळहळला.

त्यामुळे बोटीवर घेतलेली बाटली सामानात, म्हणजे चेक-इनमध्येच. हातात न्यायचीच असेल तर सिक्युरिटी ओलांडल्यावर विमानतळाच्या दुकानात घ्या. ते लाल काठाच्या पिशवीत सील करतात, पावती आत दिसेल अशी, आणि ती पिशवी घरी येईपर्यंत फोडायची नाही. मध्ये कुठे विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासतात. पिशवी फुटलेली दिसली की बाटली गेली.

चाळीतला_वाघ

एवढं काय टेन्शन घेताय? ग्रीन चॅनेलने, म्हणजे कस्टमला काही सांगायचं नसलेल्यांच्या वाटेने, सरळ चालत सुटायचं. चार बाटल्या काय, सहा काय. कोण बघतंय? मी तीनदा आलोय.

गणिताचे_मास्तर

बघतात. मी सांगतो ना, २०१९ मध्ये मला बाजूला घेतलं होतं. माझी चूक अशी की मी लग्नाच्या गडबडीत भावाची एक बाटलीही माझ्याच बॅगेत टाकली होती. माझ्याजवळ ३ लिटर, भावाजवळ १. दोघांचे मिळून चारच होतात की नाही? मीही तेच म्हणालो. साहेबांनी सांगितलं की सवलत प्रत्येक प्रवाशाची आपापली, एकमेकांत मिसळता येत नाही. नियमातच तसं लिहिलंय. भाऊ तोवर बाहेर टॅक्सीच्या रांगेत.

मी आधीच रेड चॅनेलला जाऊन सांगितलं असतं तर नुसता कर भरून सुटलो असतो. तेव्हा जादा दारूवर १५० टक्के ड्यूटी होती. म्हणजे तीन हजारांच्या बाटलीवर साडेचार हजार. न सांगता ग्रीनमधून गेलात आणि सापडलात, तर माल जप्त होऊ शकतो आणि वर दंड. मला त्या दिवशी बाटली तिथेच सोडून द्यावी लागली. मास्तर माणूस, बेरीज बरोबर आली होती, पण मांडणी चुकली.

@मुलुंडकाका, वहिनी पीत नाहीत म्हणून काही अडत नाही, सवलत पिण्यावर नसते. पण त्यांची बाटली त्यांच्या बॅगेत असू द्या आणि पावती शक्यतो त्यांच्या नावाने. बोटीवर सगळी खरेदी केबिनच्या एकाच कार्डावर चढते, तेव्हा दुकानात दोन वेगळी बिलं मागून घ्या.

चाळीतला_वाघ

बरं बाबा, मागे घेतो.

अनाहूत_पाहुणी

थोडं अवांतर, पण क्रूझचा धागा आहे म्हणून. मुंबई–गोवा क्रूझवर घेतलं तर? आम्ही डिसेंबरमध्ये चाललोय, बॅलार्ड पिअरहून.

दर्यावर्दी

ती देशांतर्गत फेरी. तिथे ड्यूटी फ्री, कस्टमची सवलत वगैरे काही डोक्यात ठेवू नका. आणि गोव्यात उतरून स्वस्त दिसली म्हणून पिशव्या भरू नका. बाटलीवर "फक्त गोव्यात विक्रीसाठी" लिहिलेलं असतं ना, ते सजावटीसाठी नाही. महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो, इकडे उत्पादन शुल्कवाल्यांच्या लेखी तो गुन्हा. रस्त्याने येणाऱ्यांना इन्सुलीचा नाका माहीत आहेच. विमानाने किंवा बोटीने आलात म्हणून कायदा बदलत नाही.

पन्हं

इन्सुलीला आमच्या गाडीतून काजूच्या गोणीपर्यंत सगळं तपासलं होतं. निघालं काय, तर आईच्या कोकम आगळाच्या बाटल्या. त्या हवालदाराने एक उघडून वास घेतला आणि पुढचे दोन तास शिंकत असणार.

गोधडीवाली

बांधणीबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून मी. मुलगा सिंगापूरला असल्याने वर्षाला दोन फेऱ्या होतात, आणि तो दरवेळी बाबांसाठी काहीतरी देतोच. आजवर एकच बाटली फुटली आणि ती मी बांधलेली नव्हती, त्याने बांधली होती.

बुचावर आधी चिकटपट्टी, मग बाटली जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट. म्हणजे फुटली तरी कपडे वाचतात. मग जुना टॉवेल. मुलाच्या लहानपणचं दुपटं मी अजून याच कामासाठी ठेवलंय. ही गुंडाळी बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. चाकांच्या बाजूला आणि कडेला कधीच नाही, बॅग आपटते ती तिथेच. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नका, एकमेकींवर आपटून फुटतात. पुठ्ठ्याच्या नळकांड्याचा मोह असेल तर असू द्या, पण त्यात बाटली खुळखुळत असेल तर मोजे कोंबा.

आणि वजन! काचेसकट एक लिटरची बाटली दीड किलोच्या वर जाते. सगळी खरेदी झाल्यावर शेवटच्या रात्री दोन बाटल्या आल्या की तीन-साडेतीन किलो वाढले. जादा वजनाचे पैसे भरलेत तर ड्यूटी फ्रीला अर्थ काय राहिला? निघतानाच चार किलो मोकळे ठेवा.

दर्यावर्दी

उभी ठेवा असंही सांगा. लाकडी बुचाची व्हिस्की कपाटात आडवी टाकली की बूच कुजतं. वाईनचं उलटं.

गोधडीवाली

हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्या लोणच्याच्या बरण्यांमागे उभ्याच असतात.

वांद्रे_वेस्ट

धागा मस्त चाललाय, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घातला नाही. एवढा खटाटोप परवडतो का? पूर्वी परवडायचा. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून इथल्या वाईन शॉपचा आणि ड्यूटी फ्रीचा फरक बराच आटला. नेहमीच्या ब्लेंडेड स्कॉचसाठी मी आता बोटीवरून बाटली वाहत आणणार नाही. एखादी सिंगल माल्ट, जी इथे मिळतच नाही, तिच्यासाठी आणा.

आणि कोटा पुरा करायचाच असेल तर सगळ्यात शहाणपणाची जागा मुंबईच. टर्मिनल २ ला उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळच ड्यूटी फ्रीचं दुकान आहे. ना सिंगापूरचं कस्टम, ना सिक्युरिटी, ना फुटायची भीती. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवा, उचला, ट्रॉलीवर ठेवा. फक्त तिथली बाटलीही त्याच २ लिटरमध्ये मोजतात, बाहेरून आणलेली वेगळी आणि इथली वेगळी असं नसतं.

सांजवात_ठाणे

+१. म्हणजे काका, माणशी एक लिटर बोटीवर आणि एक लिटर मुंबईत उतरल्यावर. मेव्हण्यांच्या आठही बाटल्या जमतात.

बोंबील_फ्राय

माझं उत्तर पहिल्याच प्रतिसादात बरोबर होतं हे नोंदवून ठेवा.

वाचनमात्र_वीणा

माझा २२ वर्षांचा भाचा सोबत येतोय, त्याच्या नावावर व्हिस्की घेता येईल?

गणिताचे_मास्तर

सिंगापूरला १८ चालतं, पण घरी महाराष्ट्रात येतोय ना? इथे बिअर-वाईनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. वर परवाना. दुकानात ५ रुपयांचा एक दिवसाचा असतो, हजार रुपयांत आजन्म होतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आपल्याकडे अजून, लोक विसरतात. भाच्याला चॉकलेट आणू द्या.

मुलुंडकाका

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः सांजवातताई आणि मास्तर. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

मेव्हण्याला फोनवर सिंगापूरचा नियम सांगितला तर त्याचा विश्वासच नाही. बोटीवर गेल्यावर पहिलं काम दुकानात जाऊन विचारणं. तिथला विक्रेता हसून म्हणाला, "सर, ड्यूटी फ्री आहे, तीन घ्या, तिसरी अर्ध्या किमतीत." मेव्हण्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू तुम्ही सगळे मिळून त्याला फसवताय. शेवटी सौ.नेच तोडगा काढला. तिने त्या विक्रेत्याला विचारलं, सिंगापूरला कर लागला तर तू भरशील का? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चार घेतल्या, चार बिलं. शेवटच्या रात्री केबिनवर आल्या. गोधडीवालींच्या पद्धतीने बांधल्या, टॉवेल घरून नेले होते. सिंगापूरला उतरताना आमच्या पुढच्या एका कुटुंबाला बाजूला घेतलं होतं आणि त्यांच्या टेबलावर बाटल्यांची रांग लागली होती. मेव्हणा त्या टेबलाकडे बघत बघत चालला आणि बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

चांगीला वजन झालं, माझी बॅग ६०० ग्रॅम जास्त. काउंटरवरच्या मुलीने सोडलं.

मग विमानच साडेतीन तास उशिरा. मुंबईला टेकलो तेव्हा रात्रीचे पावणेदोन. गटारी संपली. मेव्हणा म्हणाला, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, अजून चार तास आहेत. सौ. म्हणाली, घड्याळ बदललं की दिवस बदलला. सामानाच्या पट्ट्यावर हा वाद चालू असताना मेव्हणी शांतपणे ड्यूटी फ्रीच्या दुकानात गेली आणि स्वतःच्या उरलेल्या कोट्यात चॉकलेटं घेऊन आली. मी म्हटलं, अगं, चॉकलेटं दारूच्या कोट्यात येत नाहीत. ती म्हणाली, मला माहितीये, पण आता यांच्या पाचव्या बाटलीला हात रिकामा नाही.

ग्रीन चॅनेल, एका मिनिटात बाहेर. चारही बाटल्या धड आहेत, कपाटात उभ्या आहेत. श्रावण सुरू, मग गणपती, आमच्याकडे दहा दिवसांचा असतो. तोवर कोणी हात लावणार नाही असं सौ.ने जाहीर केलं आहे.

गोधडीवाली

टॉवेल धुवून ठेवा, पुढच्या फेरीला लागतील.

बोंबील_फ्राय

काका, अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार मोकळा ठेवलाय. मुलुंड पूर्व की पश्चिम, तेवढं सांगा.